इच्छाशक्तीचं प्रवचन पुरे, जनुकाचं निमित्तही पुरे

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात कुठल्याही स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहा. टपरीवर एकजण सुटी सिगारेट पेटवत असतो. दुसरा तळहातावर चुना लावून तंबाखू मळत असतो. तिसरा पुडी फाडतो, तोंडात रिकामी करतो आणि फास्ट लोकल पकडायला जिन्याकडे पळतो. या तिघांना आपण एका शब्दात निकालात काढतो: व्यसनी. पण २०१६-१७च्या ‘गॅट्स’ या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी सांगितलं होतं की, ते सोडायचा विचार करताहेत किंवा तसं ठरवताहेत. म्हणजे टपरीवरच्या गर्दीतला साधारण निम्मा भाग तिथे नको असताना उभा आहे.

मग तो निघून का जात नाही? या प्रश्नाची दोन तयार उत्तरं बाजारात आहेत.

पहिलं उत्तर जुनं आहे. ‘मनावर घेतलं की सुटतं.’ हे आई म्हणते, बायको म्हणते, ऑफिसातला साहेब म्हणतो, लग्नात भेटलेला मामा म्हणतो, आणि हल्ली रीलवरचा प्रत्येक दाढीवाला मोटिव्हेशनल स्पीकर म्हणतो. दुसरं उत्तर नवं आहे आणि ते तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांत जास्त चालतं. ‘अरे, माझ्या जीन्समध्येच आहे ते.’ पूर्वी ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणायचे, आता त्याला लाळेची बाटली आणि पीडीएफ रिपोर्टाची जोड मिळाली आहे. थुंकी कुरिअरने पाठवा, तुमची ‘व्यसनप्रवणता’ हिरव्या-लाल पट्टीत घरपोच मिळेल.

माझं म्हणणं असं की ही दोन्ही उत्तरं खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे एकाच शास्त्रीय शोधाने सिद्ध होतं. तो शोध आहे मेंदूतल्या निकोटिनिक रिसेप्टरमधल्या जनुकीय फरकांचा. गंमत अशी की प्रवचनकारांना तो ठाऊक नाही, आणि रिपोर्टवाले तो अर्धाच सांगतात.

झडप आणि डुप्लिकेट किल्ली

थोडं जीवशास्त्र लागेल, पण ते दहावीच्या पलीकडचं नाही.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. त्यातलं एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते पेशीवर जिथे जाऊन बसतं, तो रिसेप्टर. पेशीच्या आवरणात बसवलेली झडप अशी कल्पना करा. प्रथिनाचे पाच तुकडे गोलाकार उभे करून, लाकडी फळ्यांच्या पिंपासारखी ती बनलेली असते. योग्य रसायन बसलं की मधली वाट उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी कामाला लागते. निकोटीन ही या कुलपाची डुप्लिकेट किल्ली. तंबाखूच्या झाडाने ती माणसासाठी बनवलेली नव्हती, पानं खाणाऱ्या किड्यांना पळवायला बनवली होती. ती आपल्या मेंदूतल्या कुलपालाही लागते, हा आपला दैवदुर्विलास.

झुरका घेतला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. तंबाखू गालात ठेवली तर ते हळू चढतं, पण जास्त वेळ टिकतं. तंबाखूला चुना का लावतात? चुन्यामुळे तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं आणि अशा मिश्रणातून निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून पटकन रक्तात जातं. आपल्या आजोबांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण चुना किती घ्यायचा ते बरोब्बर येत होतं.

रोज हे चालू राहिलं की मेंदू स्वतःला बदलून घेतो. सततच्या निकोटीनने बधीर झालेल्या झडपांची भरपाई म्हणून तो त्यांची संख्या वाढवतो. रात्रभर निकोटीन मिळालं नाही की सकाळी त्या वाढीव झडपा रिकाम्या आणि जाग्या असतात. चहाच्या आधी लागणारी ती पहिली तलफ इथून येते. तिचा तुमच्या संस्कारांशी काडीचा संबंध नाही.

आता फरकाकडे येऊ. या झडपेच्या काही प्रकारांत पाचवी फळी ‘अल्फा-५’ नावाची असते. तिचा आराखडा १५व्या गुणसूत्रावरच्या ‘सीएचआरएनए५’ या जनुकात लिहिलेला आहे. काही माणसांत त्या आराखड्यात एका ठिकाणी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर असतं. त्यामुळे प्रथिनाच्या ३९८व्या जागेवर ॲस्पार्टिक आम्ल यायच्या ऐवजी ॲस्परजिन येतं. अख्ख्या आराखड्यात एका अक्षराचा फरक. पण प्रयोगशाळेत असं दिसलं की, हे बदललेलं अक्षर असलेली झडप कमी प्रतिसाद देते.

एप्रिल २००८मध्ये ‘नेचर’ आणि ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकांत तीन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध आले. हजारो लोकांचे जनुकसंच चाळून तिन्ही गट १५व्या गुणसूत्राच्या याच कोपऱ्यात येऊन थांबले. पुढच्या अभ्यासांतून आकडा पक्का होत गेला: या अक्षराची एक प्रत असलेला सिगारेट ओढणारा दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त ओढतो, दोन प्रती असलेला साधारण दोन.

असं का होतं, याचा धागा २०११मध्ये उंदरांत सापडला. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत पॉल केनी यांच्या गटाने अल्फा-५ नसलेले उंदीर घेतले. साधे उंदीर निकोटीनचा डोस फार वाढला की थांबायचे. अल्फा-५ नसलेले थांबतच नव्हते. निकोटीनची मजा दोघांनाही सारखीच येत होती. फरक होता तो मेंदूच्या हॅबेन्युला नावाच्या छोट्या भागातून येणाऱ्या ‘आता बास’ या इशाऱ्यात. त्या भागात अल्फा-५ परत घातल्यावर उंदीर पुन्हा हात आवरू लागले.

हे नीट ऐका, कारण सगळा वाद इथेच आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तंबाखू लागली.’ म्हणजे पहिल्यांदा खाल्ल्यावर डोकं गरगरलं, घाम फुटला, मळमळलं. ती लागणं हा शरीराचा ब्रेक आहे. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही, पण तो दाखवतो ती दिशा स्पष्ट आहे: काहींचा हा ब्रेक जन्मतःच सैल असतो. त्यांची हाव जास्त नसते, त्यांच्यापर्यंत ‘पुरे’ ही सूचना हळू आवाजात पोचते.

हे गोऱ्यांच्या सिगारेटचं नाही

इथे कुणी म्हणेल, हे सगळं युरोप-अमेरिकेतल्या सिगारेटचं. आमच्याकडे कुठे?

महाराष्ट्राचे आकडे बघा. त्याच ‘गॅट्स’नुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढतात आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. म्हणजे खाणारे-लावणारे हे ओढणाऱ्यांच्या सहापटीहून अधिक. कल्याणहून सीएसएमटीला निघालेल्या डब्यात काडी ओढता येत नाही, पण गालात धरलेली चिमूट ठाणे, दादर सगळं पार करून जाते. तंबाखू या शहरांच्या अंगात अशी मुरलेली आहे की ती दिसतही नाही.

आणि बरोबर या तंबाखूवरच भारतीय पुरावा आहे. २०१४मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात खारघरच्या ॲक्ट्रेकचे, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ सहभागी होते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे ६३९ भारतीय रुग्ण आणि तो आजार नसलेले ७९१ जण यांची तुलना केली होती. प्रश्न साधा होता: सिगारेटच्या संख्येवर परिणाम करणारं ते अक्षर तंबाखू चघळण्यावरही परिणाम करतं का? उत्तर आलं, हो. आयुष्यात कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, फक्त तंबाखू खाणाऱ्या लोकांतसुद्धा. ते अक्षर असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या रोजच्या चघळण्याच्या वेळांत सुमारे १३ टक्के फरक होता. एकजण दिवसाला १० वेळा तंबाखू तोंडात टाकत असेल, तर दुसरा ११हून थोडं जास्त.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट रिपोर्टवाले कधी सांगणार नाहीत. या अक्षराचा तोंडाच्या कर्करोगाशी थेट संबंध आढळला नाही. जनुकाने हात तंबाखूकडे जरा जास्त वेळा नेला. आजाराचं काम तंबाखूने केलं.

प्रवचनकारांना

आता पहिल्या उत्तराकडे वळतो. ‘मनावर घेतलं की सुटतं’ म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी.

समजा, डोंबिवलीतल्या एकाच चाळीतले दोन मित्र एकाच टपरीवर, एकाच वर्षी, एकाच सिगारेटचे दोन झुरके घेऊन सुरू झाले. दहा वर्षांनी एकजण थर्टीफर्स्टला एखादी ओढतो, दुसऱ्याला दिवसाला पाकीट लागतं. आपण पहिल्याला ‘कंट्रोल असलेला’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘वाया गेलेला’. पण पहिल्याच्या झडपेचा ब्रेक घट्ट असेल तर? दुसऱ्याच्या यकृतात निकोटीन मोडणारं ‘सीवायपी२ए६’ हे विकर वेगाने काम करत असेल आणि त्यामुळे त्याचा डोस लवकर उतरत असेल तर? ज्याला आपण चारित्र्य म्हणून मिरवतो, त्यातला काही भाग निव्वळ नशीब असतो. सपाट रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याने घाट चढणाऱ्याला दम का लागतो म्हणून हिणवू नये.

आणि इच्छाशक्तीच्या या सिद्धांताची परीक्षा घ्यायची असेल तर टपरीवर जाऊच नका, घरात बघा. मशेरी लावणारी आजी बघा. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के स्त्रिया आहेत. गिरणीच्या संपात घर तारून नेलेली, चार पोरांची शिक्षणं केलेली, चतुर्थी-एकादशीला पाण्याच्या घोटावर राहणारी बाई मशेरी सोडू शकत नाही. तिच्याकडे इच्छाशक्ती कमी आहे असं तिच्या तोंडावर म्हणून दाखवा.

प्रवचनाचा खरा तोटा वेगळाच आहे. ‘मनावर घेतलं की सुटतं’ हे वाक्य ऐकत मोठा झालेला मुलगा तीनदा प्रयत्न करून हरला की काय निष्कर्ष काढतो? आपलं मनच कमकुवत आहे. मग तो डॉक्टरकडे जात नाही, कारण मनाच्या कमकुवतपणाला कुठे औषध असतं? तो लपवू लागतो. वेलचीचे दाणे, मिंटच्या गोळ्या, सॅनिटायझर, घरी येताना आधीच्या चौकात उतरून चालत येणं. एका रासायनिक अवलंबित्वाचं आपण लाजेच्या गोष्टीत रूपांतर केलं, आणि लाज ही सगळ्यात वाईट नर्स असते. रक्तदाब वाढलेल्या काकांना कुणी ‘मनावर घ्या, खाली येईल’ म्हणत नाही. गोळी आणून देतात आणि मीठ कमी करायला सांगतात.

रिपोर्टवाल्यांना

आता दुसरं उत्तर. ‘जीन्समध्येच आहे’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमच्याशी जास्त भांडायचं आहे, कारण तुम्ही विज्ञानाचं नाव घेताय.

ते एक अक्षर, ज्यावर एवढे शोधनिबंध निघाले, ते माणसामाणसांतल्या रोजच्या सिगारेटच्या संख्येतल्या फरकांपैकी किती फरक समजावून सांगतं? साधारण एक टक्का. २०१९मध्ये सुमारे १२ लाख लोकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू आणि दारूच्या वापराशी जोडलेल्या ५००हून अधिक जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. शिवाय त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. ते अक्षर युरोपात बरंच आढळतं, पूर्व आशियात आणि आफ्रिकेत फार कमी, आपल्याकडे त्याच्या मधे कुठेतरी. तिकडच्या आकड्यांवर बेतलेली पट्टी इकडच्या माणसाला लावून ‘तुमची व्यसनप्रवणता अमुक’ असं छापणं हे शास्त्राच्या गणवेशातलं ज्योतिष आहे. पत्रिकेत मंगळ बघायचा तो आता १५व्या गुणसूत्रावर बघतात, एवढाच काय तो फरक.

बरं, रिपोर्ट आला तर करणार काय? लाल पट्टी आली तर म्हणणार, ‘मग काय उपयोग सोडून.’ हिरवी आली तर म्हणणार, ‘मला काही होत नाही.’ दोन्ही रस्ते टपरीवरच जातात. अमुक जनुक आहे म्हणून अमुक औषध द्या, इतका भक्कम पुरावा या अक्षराबाबत उभा राहिलेला नाही. उलट २०१५मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की, जोखमीचं अक्षर असलेले लोक सिगारेट सोडायला साधारण चार वर्षं जास्त घेतात आणि त्यांचा फुप्फुसाचा कर्करोग साधारण चार वर्षं आधी कळतो. पण सोडल्याचा फायदा? तो दोन्ही गटांना मिळाला. सोडलेल्यांत कर्करोगाचं निदान साधारण सात वर्षं पुढे गेलं, अक्षर कुठलंही असो. ज्याचा ब्रेक सैल आहे त्याला सोडणं अवघड जातं, आणि सोडण्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते. ‘जीन्समध्ये आहे’ हे वाक्य सोडण्याच्या बाजूचं आहे.

ही पळवाट नवीही नाही. १९५०च्या दशकात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवलं, तेव्हा त्यांच्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? रोनाल्ड फिशर यांचा. आधुनिक संख्याशास्त्र आणि जनुकशास्त्राच्या पायाचे दगड घालणारा माणूस. त्यांचं म्हणणं होतं की, कदाचित एकच जनुकीय घडण माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. मग सिगारेटला कशाला दोष? फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि ब्रिटिश तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. ‘जीन्समध्येच आहे’ हे वाक्य तंबाखूच्या धंद्याला सत्तर वर्षांपासून आवडतं.

आणि त्याच दशकात परळला काय चाललं होतं? टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. एल. डी. संघवी यांनी वसंत रामजी खानोलकरांबरोबर १९४९मध्ये मुंबईतल्या सहा जातींच्या जनुकीय गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे माणसामाणसांत जनुकीय फरक असतात हे त्यांना फिशरइतकंच पक्कं ठाऊक होतं. तेच संघवी, सहकारी राव आणि खानोलकर यांच्यासह, १९५५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडतात. जनुकं जाणणारा माणूस तंबाखूला सोडून देत नाही, हे परळने दाखवून दिलं होतं. आपण आठवण ठेवायची ती या परंपरेची.

अजून एक पुरावा देतो, मला तो सगळ्यात भेदक वाटतो. स्वीडनमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला, २०००मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांत तंबाखूच्या सवयीमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. पण १९२५च्या आधी जन्मलेल्या स्त्रियांत तो जवळपास शून्य होता. १९४०नंतर जन्मलेल्या स्त्रियांत मात्र तो पुरुषांइतकाच झाला. पंधरा-वीस वर्षांत स्वीडिश बायकांची जनुकं बदलली? शक्यच नाही. बदललं होतं ते समाजाचं बंधन. बाईने सिगारेट ओढणं जोवर लाजिरवाणं होतं, तोवर जनुकाला बोलायची संधीच नव्हती. सिगारेट हाताशी आली, तसं ते बोलू लागलं.

जनुकाला बोलतं कोण करतं

म्हणून माझा खरा मुद्दा इथे येतो. १५व्या गुणसूत्रावरचं ते अक्षर निकोटीन आल्याशिवाय तंबाखूबद्दल काहीच करू शकत नाही. ज्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, त्याच्यात ते गपगुमान पडून असतं. मग प्रश्न असा विचारायला हवा: तुमच्या-माझ्या शहरात निकोटीन इतकं हाताशी कुणी आणून ठेवलंय?

महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२पासून बंदी आहे आणि ती दरवर्षी नव्याने काढली जाते. कागदावर. स्टेशनबाहेरच्या पावलापावलावर पडलेल्या फाटक्या पुड्या आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्या त्या कागदाचं वाचन रोज करतात. साधी तंबाखू तर बंदीतही नाही. सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये बंदी घातली. आज कुठल्याही टपरीवर जा आणि ‘एक दे’ म्हणा. सुटी सिगारेट का महत्त्वाची? कारण पॉकेटमनीत बसणारी ती एकच गोष्ट असते, आणि तिच्यावर पाकिटावरचं ते सडलेल्या तोंडाचं चित्र नसतं. २००३च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, आणि मग त्या वर्तुळांतून चालत जा. वर डोक्यावर होर्डिंग आहेच, त्यात सिनेमातले देखणे लोक ‘वेलची’ खाताहेत. त्या वेलचीचं नाव आणि रंग कुठल्या पुडीशी जुळतात हे सहावीतलं पोरगंही सांगेल.

‘मग टपरीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा का?’ हा प्रश्न खोटा नाही. टपरीवाला या साखळीतला सगळ्यात दुबळा माणूस आहे, आणि कारवाई झालीच तर त्याच्याच बरण्या जप्त होतात. पुडी तो बनवत नाही. बंदी असलेला माल ट्रक भरून राज्यात येतो, गोदामात उतरतो, तिथून वाटला जातो. कायदा तिथे पोचला तर टपरीवाला उद्या चहा, केळी आणि बिस्किटं विकेल. तो आजही विकतोच.

‘बंदीने काही होत नाही, बघा ना गुटखा मिळतोच’ हेही ऐकतो. हे तर ताप मोजला नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखं झालं. न राबवलेली बंदी अपयशी ठरली, यातून बंदी राबवायला हवी एवढंच सिद्ध होतं.

मागायचं काय

सैल ब्रेकची गाडी घेऊन जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात: रस्त्याचा उतार कमी करणं आणि ब्रेक दुरुस्त करणारा मेकॅनिक. उताराचं वर बोललो. मेकॅनिक उपलब्ध आहे, पण आपण त्याचा पत्ता कुणाला सांगत नाही.

निकोटीनची तलफ थोपवणारे च्युइंगम आणि पॅच आहेत. धूर किंवा तंबाखूतली विषं सोडून फक्त निकोटीन, तेही हळूहळू कमी करत. भारत सरकारच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचाराचा समावेश झाला आहे. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. ती त्याच निकोटिनिक रिसेप्टरवर जाऊन अर्धवट बसते, म्हणजे तलफ थोडी भागते आणि वरून ओढलेल्या सिगारेटची मजा येत नाही. रिसेप्टर नीट समजला म्हणून हे औषध समजतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधं आणि समुपदेशन एकत्र द्यायला सांगितलंय. हे डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायचं असतं, आणि बहुतेकांना एकापेक्षा जास्त प्रयत्न लागतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा परत सुरू झाली म्हणजे तुम्ही संपलात असं नाही, उपचार अजून चालू आहे असं समजायचं.

तेव्हा ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत मागणी करायची तर ही करू. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर: अशा प्रत्येक पालिका रुग्णालयात तंबाखू सोडवण्याची खिडकी संध्याकाळी चालू हवी. सकाळच्या ओपीडीला सहा वाजताची लोकल पकडणारा माणूस येऊ शकत नाही. त्या खिडकीत च्युइंगम आणि औषध फुकट हवं. तिथे मशेरीवाल्या आजीला ओशाळं न करता बोलणारी व्यक्ती हवी. आणि पालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला पाणी आणि खड्ड्यांबरोबर विचारा, शाळेपासूनच्या त्या ९१ मीटरचं काय केलंत?

डीएनए किटसाठी बाजूला ठेवलेले पैसे असतील तर त्यात च्युइंगम घ्या. तुमचं अक्षर ‘जी’ आहे की ‘ए’ याने उद्या सकाळच्या तलफेत काही फरक पडणार नाही, च्युइंगमने पडेल. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांवर तो २०१८पासून छापलेला असतो, सुटी घेणाऱ्याला तेवढा दिसत नाही.

आणि पुढच्या वेळी घरातलं कुणी ‘मनावर घे’ म्हणालं, तर चिडू नका. त्यांना सांगा की मनावर तर कधीच घेतलंय. आता हा नंबर लावून दे, आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बस.